टाकी उघडली की काय बदलतं: गॅरेजमध्ये पेट्रोल-डिझेल हाताळताना

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये इंधन पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. विजेवर चालणारी मोटर, तिच्यात कार्बनचे ब्रश, ब्रशांपाशी बारीक ठिणग्या आणि चारही बाजूंनी पेट्रोल. हा पंप वर्षानुवर्षं चालतो आणि काही होत नाही. मात्र तोच पंप टाकीतून बाहेर काढून, पेट्रोलने ओला असतानाच, चालतो का बघायला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या तर समोरचा माणूस भाजू शकतो. मोटर तीच आहे, ठिणगीही तीच आहे. बदलली ती फक्त हवा. हे नीट समजलं की गॅरेजमधले बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती पेटायला पुरत नाही. 7.6 टक्क्यांच्या वर गेली तर ऑक्सिजन कमी पडतो. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा. बंद टाकीत साधारण तापमानाला पेट्रोलच्या वरच्या जागेत वाफेचं प्रमाण 20 टक्क्यांच्याही वर असतं, म्हणजे ती पेटण्यासाठी फारच दाट असते. म्हणून पंप आत निर्धास्त चालतो. झाकण उघडलं, नळी काढली, फिल्टर सोडवला की दाट वाफ बाहेर येते आणि बाहेरची हवा आत जाते. या दोघींची गाठ पडते तिथे कुठे ना कुठे 1.4 ते 7.6 टक्क्यांचा पट्टा तयार होतोच. तो कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

माझ्या मते मिस्त्रीने हाच एक प्रश्न सतत मनात ठेवायला हवा: आत्ता वाफ कुठे आहे? पेट्रोल कुठे सांडलंय हे सगळेच बघतात. वाफ कुठे गेली हे बघणारे कमी.

वाफ खाली उतरते

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि सखल जागा शोधते. गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, सांडपाण्याची नाली, तळघराचा जिना, लिफ्टच्या पायाशी असलेली खाच, या सगळ्या तिच्या साठण्याच्या जागा. गाडी खड्ड्यावर उभी करून पेट्रोलची टाकी रिकामी करणं हा मला सगळ्यात घातक प्रकार वाटतो. खड्ड्यात वारा नसतो, माणूस आत उभा असतो, वाफ त्याच्या पायांपासून भरत वर येते आणि बाहेर पडायला एकच अरुंद जिना असतो. पेट्रोलचं काम खड्ड्यावर करू नये आणि खड्ड्याच्या शेजारीही करू नये.

थोडंसं पेट्रोल म्हणजे किती वाफ, याचा अंदाज सहसा चुकतो. 1 लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर साधारण 150 ते 200 लिटर वाफ होते. ती हवेत मिसळत पेटण्याच्या खालच्या मर्यादेपर्यंत आली तर 10 घनमीटरहून जास्त जागा पेटू शकेल अशी होते, म्हणजे जवळजवळ एक छोटी खोली. प्रत्यक्षात वाफ इतकी सारखी पसरत नाही. ती खाली दाट आणि वर विरळ राहते. म्हणूनच छातीच्या उंचीवर काहीच जाणवत नसताना घोट्यापाशी ती पेटण्याजोगी असू शकते.

वासावर अवलंबून राहता येत नाही. आपल्या नाकाला पेट्रोल फार लवकर कळतं. दहा लाख भाग हवेत अगदी मोजके भाग असले तरी वास येतो, तर पेटायला 14,000 भाग लागतात. म्हणजे वास आला की लगेच स्फोट होणार असं नाही. पण नाक जमिनीपासून दीड मीटर वर असतं आणि थोड्याच वेळात त्याला वासाची सवय होऊन तो जाणवेनासा होतो. वास आला तर सावध व्हावं हे खरं. वास येत नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, हे त्याहून महत्त्वाचं.

थंडीच्या दिवसांत पेट्रोल जरा सुरक्षित असतं असाही समज आहे. पेटण्याइतकी वाफ द्रवातून ज्या तापमानापासून निघू लागते ते पेट्रोलसाठी उणे 40 अंशांच्या आसपास आहे. गॅरेजमधली कुठलीही थंडी त्याला पुरेशी नाही.

ठिणगी कुठून येते

बिडी-सिगारेट, वेल्डिंग आणि ग्राइंडर यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. वेल्डिंगच्या आणि कापण्याच्या ठिणग्या 10 मीटरपर्यंत उडत-घरंगळत जाऊ शकतात, त्यामुळे "तो तिकडच्या कोपऱ्यात काम करतोय" हे उत्तर चालत नाही. पण घात होतो तो बहुधा रोजच्या, सवयीच्या वस्तूंमुळे. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प गाडीखाली लटकवलेला असतो, तो निसटून फुटतो किंवा त्याच्यावर पेट्रोलची धार पडते, आणि तापलेली तार एक क्षणभर उघडी पडते. तेवढं पुरतं. हवेच्या कंप्रेसरचा दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो आणि त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. फ्रिजचा थर्मोस्टॅट, पंखा, हीटर, साधा व्हॅक्यूम क्लीनर, घरगुती पाण्याचा छोटा पंप यांतलं काहीच पेट्रोलच्या वाफेत चालवण्यासाठी बनवलेलं नसतं. सांडलेलं पेट्रोल व्हॅक्यूमने ओढणं म्हणजे वाफ थेट मोटरमध्ये नेणं.

प्रकाशासाठी ज्वलनशील वाफेच्या जागेत वापरायला प्रमाणित केलेला सीलबंद एलईडी दिवा घ्यावा. तो नसेल तर टाकीचं काम दिवसाउजेडी बाहेर करावं. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो, कारण त्यात मोकळी हवाही मिळते.

बॅटरीचं टर्मिनल काढताना किंवा लावताना बारीक ठिणगी पडतेच. म्हणून निगेटिव्ह टर्मिनल इंधनाला हात लावण्याच्या आधी काढायचं आणि सगळं जोडून, पुसून, हवा खेळून झाल्यावरच परत लावायचं. पण गाडी आत आली तेव्हाच पेट्रोल गळत असेल आणि वाफ साठली असेल तर बॅटरीला किंवा दिव्याच्या बटणाला हात लावू नये. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. अशा वेळी माणसांनी बाहेर पडावं, शटर आणि दारं उघडी ठेवावीत, आणि जमत असेल तर गाडी सुरू न करता ढकलत मोकळ्या जागेत न्यावी.

आता स्थिर विजेबद्दल. पेट्रोलची वाफ पेटवायला 0.2 ते 0.3 मिलिज्यूल इतकी अल्प ऊर्जा पुरते. सीटवरून उतरून दाराला हात लावला की बोटाला जो चटका बसतो तो जाणवायलाच शरीरावर साधारण 2 ते 3 हजार व्होल्ट साठावे लागतात, आणि एवढ्या ठिणगीत पेट्रोल पेटण्याइतकी ऊर्जा असू शकते. म्हणजे जेमतेम जाणवलेला चटकाही पुरेसा आहे. शिवाय पेट्रोल नळीतून वाहताना, उंचावरून डब्यात पडताना, शिंतोडे उडताना स्वतःच विद्युतभार तयार करतं. त्यामुळे धार उंचावरून सोडू नये, नळीचं तोंड डब्याच्या तळाशी टेकवावं आणि ओतण्याचा वेग कमी ठेवावा. धातूचा डबा आणि गाडीची बॉडी एका वायरने जोडावी. वायर झाकण उघडण्याआधी जोडायची, बंद केल्यावर काढायची. प्लॅस्टिकच्या डब्याला अशी वायर लावून उपयोग होत नाही, कारण प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. तो इंधनासाठी बनवलेला असावा आणि भरताना जमिनीवर ठेवलेला असावा. टेम्पोच्या प्लॅस्टिक अंथरलेल्या हौद्यात किंवा डिकीतल्या कार्पेटवर ठेवून डबा भरू नये.

टाकी रिकामी करणं हे वेगळं काम समजा

पंप बदलायचा, फ्लोट (इंधनाची पातळी दाखवणारा तरंगता भाग) बघायचा, टाकीखालचा गंजलेला पत्रा काढायचा, काम कुठलंही असो, पेट्रोल काढणं ही त्याआधीची किरकोळ तयारी मानली जाते. वेळ नसतो, डबा सापडत नाही, हेल्पर नळी घेऊन बसतो. अपघाताला सगळी अनुकूल परिस्थिती इथेच जमते. मी म्हणेन, पेट्रोल काढण्याला जॉब कार्डवर स्वतंत्र ओळ द्यावी, त्याला वेळ द्यावा आणि ते काम एका जाणत्या माणसावर सोपवावं.

यासाठी योग्य साधन म्हणजे इंधन काढण्याचा बंदिस्त पंप. त्यात पेट्रोल एका नळीने साठवण टाकीत जातं आणि तिथून बाहेर ढकलली जाणारी वाफ दुसऱ्या नळीने गाडीच्या टाकीत परत येते. वाफ खोलीत सुटतच नाही. हे यंत्र परवडत नसेल तर गाडी उघड्यावर न्यावी, आजूबाजूची कामं थांबवावीत, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि हाताने चालवायचा पंप वापरावा. पसरट तसराळ्यात पेट्रोल सोडून ते तसंच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ जास्त. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमधलं वाटीभर पेट्रोल काढतानाही हाच न्याय लागू आहे: आधी कॉक (टाकीखालची इंधनाची तोटी) बंद, खाली अरुंद तोंडाचा डबा, मगच ड्रेन स्क्रू सैल.

तोंडाने नळी ओढणं कायमचं बंद व्हायला हवं. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणं जास्त घातक असतं. एक छोटा घोट श्वासनलिकेत उतरला तरी फुप्फुसांना सूज येते आणि त्रास काही तासांनी वाढतो. कुणी पेट्रोल गिळलंच तर त्याला उलटी करायला लावू नये; वर येताना ते फुप्फुसात शिरण्याची दुसरी संधी मिळते. सरळ दवाखाना गाठावा.

काढलेलं इंधन झाकणाच्या, इंधनासाठीच्या डब्यात ठेवावं आणि डब्यावर आत काय आहे ते लिहावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. डबा काठोकाठ भरू नये. पेट्रोल दर अंशाला जवळजवळ 0.1 टक्का फुगतं, म्हणजे 20 लिटरच्या डब्यात तापमान 20 अंशांनी वाढलं तर सुमारे 400 मिलिलिटर जादा जागा लागते.

रिकामी टाकी

भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला जास्त भ्यावं. भरलेल्या टाकीत दाट वाफ असते. रिकाम्या केलेल्या टाकीत हवा शिरलेली असते आणि तिथे नेमका तो मधला पट्टा तयार असतो. टाकी महिनोन्महिने बाहेर पडून असली तरी भरवसा नाही. जोडाच्या घडीत, आतल्या आडव्या पत्र्यामागे, गंजाच्या पापुद्र्याखाली इंधनाचा अंश राहतो. थंड असताना तो गप्प असतो, वेल्डिंगची उष्णता लागली की वाफ होऊन बाहेर येतो. पाण्याने धुऊन हा अंश जात नाही, कारण पेट्रोल पाण्यात विरघळत नाही. "दोनदा धुतली आहे, लाव वेल्डिंगचा टाका" हे वाक्य ऐकलं तर तिथून बाजूला व्हावं. टाकी बदलावी, किंवा टाकीतली वाफ काढून, वायू मोजण्याच्या यंत्राने तपासून मगच काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. बॉडीच्या वेल्डिंगमध्येही टाकी आणि इंधनाचे पाइप त्या जागेच्या जवळ असतील तर आधी उतरवावेत. पत्रा उष्णता पलीकडे नेतो.

डिझेलला निरुपद्रवी समजू नका

साध्या तापमानाला डिझेलच्या डबक्यावर काडी पडली तर ते सहसा पेटत नाही. पेटण्याइतकी वाफ यायला त्याला साधारण 55 अंश किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. यातूनच गाफीलपणा येतो. डिझेल बारीक फवाऱ्याच्या रूपात उडालं तर ते थंड असूनही पेटतं. तापलेल्या धातूवर पडलं तर ठिणगीशिवायही पेटू शकतं, आणि त्यासाठी लागणारं तापमान डिझेलला पेट्रोलपेक्षा कमी आहे: डिझेलला साधारण 210 ते 250 अंश, पेट्रोलला 250 च्या वर. टर्बो आणि एक्झॉस्टचे भाग याहून कितीतरी जास्त तापतात. त्यामुळे रिटर्न पाइपची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपची) गळती "नंतर बघू" म्हणून सोडण्यासारखी नसते.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर ती गाडी गॅरेजमध्ये डिझेल गाडी म्हणून येते, पण टाकीतलं मिश्रण पेट्रोलसारखं वागतं. थोडं पेट्रोल मिसळलं तरी वाफ पेटण्याचं तापमान झपाट्याने खाली येतं. अशी टाकी पेट्रोलचे सगळे नियम पाळूनच रिकामी करावी आणि काढलेलं मिश्रण डिझेलच्या पिंपात ओतू नये.

मग येतो दाब. पेट्रोलच्या साध्या इंजेक्शन गाडीत पाइपमधला दाब 3 ते 4 बार असतो (1 बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाइतका). थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात तो 200 बार आणि त्याहून वर जातो. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या पाइपमधून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, 1,000 ते 2,000 बार, काही इंजिनांत त्याहूनही जास्त. पेट्रोल गाडीत पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की बराचसा दाब उतरतो. मग इग्निशन बंद, मग बॅटरी, मग जोडावर फडकं धरून सावकाश सैल करायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच. कॉमन रेलमध्ये इंजिन बंद केल्यावर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचं. चालू इंजिनात इंजेक्टरचा पाइप सैल करून मिस (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायची जुनी पद्धत इथे जिवावर बेतू शकते.

या दाबाखालची डिझेलची धार दिसतही नाही आणि त्वचा सहज भेदते. बोटावर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल स्नायूंच्या थरांतून पसरलेलं असतं आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा माणसाला लगेच रुग्णालयात न्यावं आणि उच्च दाबाने डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावं, नाहीतर साधी जखम समजून पट्टी बांधली जाते. गळती शोधायला हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा, ओला डाग पडतो.

गॅसच्या गाड्यांबद्दल इथे एवढंच सांगतो की सीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताखाली साठतो. एलपीजी जड, तो पेट्रोलसारखा खाली उतरतो. एकीत वरची खिडकी उपयोगी, दुसरीत जमिनीलगतची. सिलिंडर आणि त्याचे व्हॉल्व्ह मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय उघडूच नयेत.

हात, कपडे, फडकी

पेट्रोलने हात धुण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. ग्रीस निघतं हे खरं. त्याबरोबर त्वचेचा तेलकट थर निघून जातो, भेगा पडतात आणि पेट्रोलमधलं बेन्झिन शरीरात जातं. बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि विशी-तिशीतल्या मुलांनी पुढची तीस-चाळीस वर्षं रोज त्यात हात घालावा हे मला पाहवत नाही. हात धुण्याची पेस्ट आणि पार्ट धुण्याचं कमी वाफेचं द्रावण मिळतं. नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

कपड्यांवर पेट्रोल सांडलं तर ते अंगावर वाळू देऊ नये. आगीच्या कुठल्याही स्रोतापासून दूर, बाहेर जावं, कपडे आधी पाण्याने भिजवावेत आणि मग काढावेत. कोरडे ओढून काढताना स्थिर वीज तयार होते. भिजलेली फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावीत. सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू किंवा शोषक माती टाकावी. लाकडाचा भुसा स्वतःच जळतो. पाण्याचा पाइप मारून नालीत ढकलणं म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या दारात पोचवणं.

आग लागलीच तर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग आणखी पसरते. फोम, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक चालतो. बाहेर पडायची वाट पाठीमागे ठेवून, थोड्या अंतरावरून ज्वाळांच्या मुळाशी मारावा. एका अग्निशामकात विझली नाही तर दुसरा शोधत बसू नये, माणसं बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलाला बोलवावं. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये.

परत जोडताना

सुटलेला प्रत्येक ओ-रिंग आणि तांब्याचा वायसर नवा घालावा. जुना दाबलेला असतो आणि दुसऱ्यांदा तसा बसत नाही. इंधनाची नळी इंधनासाठीचीच हवी. पाण्याची रबरी नळी पेट्रोलने फुगते आणि मऊ पडते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी नळी आणि रबर त्याला चालणारं आहे का हेही बघावं. सगळं घट्ट झाल्यावर जागा पुसून, हवा खेळू देऊन बॅटरी जोडावी. मग इंजिन सुरू न करता फक्त चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करावी. पंप काही सेकंद चालून पाइपमध्ये दाब भरतो. या वेळी एकाने गाडीत आणि दुसऱ्याने जोडांपाशी थांबावं. कोरडं असेल तरच इंजिन सुरू करावं, पाच-दहा मिनिटं चालवावं, आणि इंजिन तापल्यावर तेच जोड पुन्हा एकदा बघावेत, कारण काही गळत्या भाग गरम होऊन प्रसरण पावल्यावरच दिसतात.